अर्ध्या बोटाची हद्द

पांढऱ्या ओल्या जिप्समवर लाल थेंब दिसले, तेव्हा उस्ता हिझामने आधी छताकडे पाहिलं. दुकानाच्या आढ्यावर कबुतरं राहत, त्यातलं एखादं जखमी असेल असं त्याला वाटलं. मग त्याने आपला डावा हात पाहिला. करंगळीत निळ्या काचेची कपची रुतून बसली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याने कपची उपटली. दुखलं नाही. दुखलं असतं तर त्याने एक शिवी हासडून काम पुढे चालू केलं असतं. दुखलं नाही, म्हणून तो घाबरला.

जिप्समच्या लादीत नक्षी कापायची, मागून रंगीत काचा बसवायच्या आणि ती लादी खिडकीच्या डोक्यावर चढवायची, हा त्याच्या घराण्याचा धंदा. जुन्या सना शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत दुपारचं ऊन त्याच्या किंवा त्याच्या बापाच्या हातून रंगून येतं. अशा माणसाचा हात जायला लागला तर त्याने काय करायचं? काच उजव्या हाताने कापता येते, पण धरायला डावाच लागतो.

खरं तर हात आधीच कुरबुर करत होता. करंगळी आणि तिच्या शेजारची अनामिका सकाळी मुंग्या घेऊन उठायच्या. मग त्या दोघी आत वळायला लागल्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधली मांसाची उशी बसली, तिथे खळगा पडला. बाकीची बोटं मात्र ठणठणीत. हिझाम हात उलटसुलट करून बघायचा आणि त्याच्या मनात एकच प्रश्न यायचा: हे कधीपासून?

हा प्रश्न त्याची थोरली बहीण नूरियानेही विचारला, आणि उत्तर तिच्याकडे तयार होतं.

"लग्नापासून," ती म्हणाली. "दुसऱ्या लग्नापासून."

हिझामची पहिली बायको गेल्यावर कितीतरी वर्षं नूरियानेच त्याचं घर सांभाळलं होतं. कोठीची किल्ली तिच्या कमरेला असायची. गेल्या रमजाननंतर हिझामने शहराबाहेरच्या वादी दहर खोऱ्यातल्या गझालशी लग्न केलं आणि किल्ली कंबर बदलून गेली. नूरियाने ती हसत दिली होती. हसत दिलेली वस्तू माणूस जास्त दिवस लक्षात ठेवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि गझाल म्हणजे दोनदा विधवा झालेली बाई. पहिला नवरा विहिरीत पडून गेला, दुसरा तापाने. सना शहराच्या हाती अशी बाई लागली की शहर तिला तिसऱ्याच्या फातिह्याची तारीख विचारतं. हिझामने लग्न करताना ही बडबड हसण्यावारी नेली होती. पण तेव्हा त्याची दहाही बोटं शाबूत होती.

"विहिरीत तर तिने ढकललं नाही ना गं," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणते? मी काहीच म्हणत नाही. तू खातोस काय, ते सांग फक्त."

"जे सगळे खातात ते. दुपारी सलता."

"मेथीचा फेस घालून?"

"मेथीशिवाय सलता असतो का?"

"नाही," नूरिया म्हणाली आणि तिने सावकाश चहा ओतला. "मेथी कडू. कडूत कडू मिसळलं तर कुणाला कळतंय."

झालं. एवढंच वाक्य. त्या दुपारी गझालने दगडी भांड्यात रटरटणारा मांसाचा सलता समोर ठेवला, भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या बाजूला सरकवला, आणि हिझामला पहिल्यांदा मेथीची चव जिभेच्या मागच्या टोकाला लागली. गेली पन्नास वर्षं तो मेथी खात होता. इतकी कडू ती कधीच नव्हती.

"आवडला नाही का उस्ता?" गझालने विचारलं. ती त्याला इतरांसारखंच उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणायची, पण तिच्या तोंडी ते जरा वेगळं लागायचं.

"पोट भरलंय."

"कशाने? सकाळपासून तर काही घेतलं नाही."

पाहा, हिला सगळं माहीत असतं, असं त्याला वाटलं. आदल्या महिन्यापर्यंत हेच त्याला माया वाटत होतं.

एकदा संशयाने घरात पाय ठेवला की तो पाहुण्यासारखा एका कोपऱ्यात बसत नाही, सगळ्या खोल्या उघडून बघतो. हिझामने हिशेब मांडायला घेतला. लग्नानंतर घरात काय काय बदललं? एक तर कातचा पाला, दुपारी गालात धरून चघळायचा, तरतरी आणणारा. गझालचा भाऊ काइद वादी दहरला पाल्याची बाग राखतो, तो बहिणीच्या घरी रोज ताजी जुडी पाठवू लागला. पूर्वी हिझाम गुरुवार-शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जाऊन बसायचा. आता रोज दुपारी त्याच्याच वरच्या मजल्यावर बैठक भरायची. जेवण झालं की पाच-सात जण यायचे, भिंतीला पाठ लावून, डावं कोपर लोडावर रोवून आडवे व्हायचे आणि उजव्या हाताने कोवळी पानं खुडून गाल फुगवायचे, ते पार संध्याकाळी मगरिबची अजान होईपर्यंत. यजमान म्हणून हिझाम सगळ्यात आधी बसायचा आणि सगळ्यात शेवटी उठायचा. दोन वर्षांपूर्वी कुणी त्याला विचारलं असतं, तर याला त्याने नशीब म्हटलं असतं.

पाल्यात काही असेल का? पण तीच जुडी सगळे चघळत होते, आणि बाकीच्यांचे हात धडधाकट होते. त्याने एकदा मुद्दाम सगळ्यांचे हात न्याहाळले. शेजारचा अत्तारवाला म्हणाला, "काय रे, माझ्या हातांना मागणी घालायची आहे का?" सगळे हसले. हिझामही हसला आणि त्याने आपला डावा हात मांडीखाली लपवला.

म्हणजे जेवणच.

मग नूरियाला गादीखाली ती पुरचुंडी सापडली. ती तिथे काय शोधत होती, हे तिने सांगितलं नाही आणि हिझामने विचारलं नाही. हिरव्या फडक्यात काळं जिरं, मीठ आणि सतापची वाळलेली डहाळी, वर केसाची गाठ. केस लांब होता.

"बघ," नूरिया म्हणाली.

आता सताप आमच्याकडे बायका लग्नात डोक्यात खोवतात, बाळंतिणीच्या उशाला ठेवतात, नजर लागू नये म्हणून पोरांच्या टोपीला टाचतात. हिझामला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? त्याच्या स्वतःच्या आईने त्याच्या टोपीला टाचली असेल. पण कावीळ झालेल्याला दूधसुद्धा पिवळं दिसतं. त्याने पुरचुंडी खिशात घातली आणि गझालला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि सांगितलेलं त्याला खरं मानावं लागलं असतं. त्याला आता खरं मानायचं नव्हतं.

त्याने दुपारी घरी जेवायला जाणं बंद केलं. काम फार आहे, बैठकीपुरता येईन, म्हणाला. गझालने जेवण दुकानावर पाठवायला सुरुवात केली. शेजारचा पाववाला घरून येताना भांडं घेऊन यायचा, अजून गरम असायचं. हिझाम ते भांडं दुकानामागच्या बोळात नेऊन ठेवायचा आणि स्वतः कोपऱ्यावरून उकडलेले बटाटे आणून खायचा. बोळात एक पिंगट मांजर राहत होती, हाडांची मोळी. तिची चंगळ झाली. हिझाम रोज तिच्याकडे बारकाईने बघायचा. पुढचा डावा पंजा लटपटतोय का, चालताना झोकांड्या जातायत का. मांजरीचं पोट सुटलं, अंगावर तकाकी आली, आणि एके दिवशी तिने भिंतीवरून अशी उडी मारली की खाली बसलेला पाववाला दचकला.

यावरून शहाण्या माणसाने काय ते समजावं. हिझामने समजून घेतलं ते असं, की हे विष माणसाला लागतं, मांजरीला नाही.

गझालला दिसायचं ते दिसत होतंच. रात्री तो तिच्याकडे पाठ करून झोपायचा. तिने पाणी दिलं तर आधी उजेडात धरून बघायचा. एक दिवस तिने भांडं पाववाल्याकडे न देता स्वतः उचललं, बुरखा घेतला आणि दुकान गाठलं. दुकानात कुणी नव्हतं. मागून आवाज आला म्हणून ती बोळात गेली. हिझाम उकिडवा बसून मांजरीला गझालच्या हातचं आदल्या दिवशीचं मांस घालत होता आणि दोन बोटांनी तिची पापणी वर करून डोळा तपासत होता.

गझालने भांडं दगडावर ठेवलं आणि ती गेली.

तो घरी आला तेव्हा मात्र ती दारातच उभी होती.

"सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मांजरीचा डोळा कशाला बघत होतात?"

हिझामने खिशातून हिरवी पुरचुंडी काढून तिच्यासमोर टाकली. "हे काय आहे ते तू सांग."

गझालने खाली वाकून ती उचलली. तिच्या चेहऱ्यावर भीती शोधायला तो टपलाच होता. तिथे भीती नव्हती. "सताप आहे," ती म्हणाली. "तुमचा हात बारीक व्हायला लागला तेव्हा बांधली. दोन नवरे मातीत घातलेत मी, उस्ता. तिसऱ्याची काळजी मला नाही तर कुणाला असणार?"

"केस कुणाचा?"

"माझा. दुसऱ्या कुणाचा आणू?"

"शपथ घे."

"कशाची?"

"माझ्या जेवणात काही घातलं नाहीस याची. कुराणावर हात ठेवून."

जिन्यात नूरिया उभी होती. ती वर आली नव्हती, खाली गेली नव्हती. गझालने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग ती हात-तोंड धुऊन आली, फडताळातलं कुराण काढलं, त्यावर हात ठेवला आणि स्पष्ट आवाजात शपथ घेतली. एकही शब्द गिळला नाही. कुराण तिने चुंबन घेऊन परत जागेवर ठेवलं.

"शपथ तुमच्यासाठी घेतली," ती म्हणाली. "आता जाते ती माझ्यासाठी."

कोठीची किल्ली तिने नूरियाच्या हातात दिली आणि ती भावाकडे वादी दहरला निघून गेली. आमच्याकडे रुसून माहेरी गेलेल्या बाईला कुणी नावं ठेवत नाही. उलट नवऱ्याने काय केलं, हेच आधी विचारतात. हिझामला तीन दिवस सगळ्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, आई आजारी आहे तिची." तिची आई वारून जमाना झाला होता, हे निम्म्या गल्लीला माहीत होतं.

"पळाली," नूरिया म्हणाली. "मन स्वच्छ असतं तर थांबली असती."

हिझामला ते पटलं. रात्री पटायचं, सकाळी पटायचं नाही. चहा आता नूरिया आणायची, जेवणही तीच करायची, आणि त्यात मेथी असायची, तीही कडूच असायची. महिना गेला, दुसरा लागला. हात सुधारायला हवा होता. विष थांबलं होतं ना? पण खळगा वाढतच गेला. हिरव्या काचेचं एक अख्खं तावदान त्याच्या हातून सटकून फुटलं. काइदच्या जुड्या बंद झाल्या होत्या, म्हणून बैठक मोडू नये यासाठी हिझाम स्वतःच बाजारातून पाला आणायचा आणि रिकामं घर खायला उठतं म्हणून दुपारी पूर्वीपेक्षाही लवकर वर जाऊन बसायचा.

"तिने मुरवून ठेवलंय," नूरिया म्हणाली. "तिला सोड. मग उतरेल."

सोडायचं म्हणजे तलाक. हिझामला शब्द जड गेला. त्याने ठरवलं, आधी पुरावा हवा. डॉक्टरकडून रक्त तपासून घ्यायचं, विषाचा कागद आणायचा, आणि मग काइदच्या तोंडावर तो कागद मारून बाईला मोकळं करायचं. खरं सांगायचं तर त्याला आणखी काही दिवस हवे होते. पण हे तो स्वतःशीही बोलला नाही.

डॉक्टर अब्दुलबारी तायझ शहरचा माणूस, नसांच्या दुखण्याचा जाणकार. दुपारी दवाखाना उघडायचा आणि दुपारी म्हणजे अर्थातच गालात पाला असायचा. हिझाम आत गेला तेव्हा डॉक्टर टेबलावर डावं कोपर टेकवून, हनुवटी मुठीत घेऊन पेपर वाचत होता.

"मला विषबाधा झालीय," हिझाम म्हणाला. "कागद पाहिजे."

"बसा," डॉक्टर म्हणाला. "विष कुणी दिलं?"

"बायकोने."

"चांगलं. म्हणजे पोलिसाचं काम वाचलं. हात दाखवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते कसं, ते हिझामला पुढच्या अर्ध्या तासात कळलं. डॉक्टरने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीच्या टोकाने डाव्या हातावर टोचत निघाला. "लागतंय? आता? आता?" अंगठा, लागतंय. तर्जनी, मधलं बोट, लागतंय. करंगळी, नाही. मग तो अनामिकेवर आला आणि तिथे बराच वेळ रेंगाळला. पेनची गार निब बोटावरून फिरल्याचं हिझामला कळलं, मग कळेनासं झालं, मग पुन्हा कळलं.

"डोळे उघडा."

अनामिकेच्या बरोबर मधोमध, नखापासून तळव्यापर्यंत, निळी रेघ होती. तीच तळव्यातून खाली मनगटाच्या घडीपर्यंत गेली होती आणि तिथे वळून थांबली होती.

"रेघेच्या अलीकडे तुम्हाला सगळं कळतं," डॉक्टर म्हणाला. "पलीकडे काही नाही. एकाच बोटाची एक बाजू जिवंत, दुसरी बधिर. आता मला सांगा उस्ता, विषाला ही हद्द कुणी आखून दिली?"

हिझामने रेघेकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने लादीवर रेघा मारल्या होत्या. रेघ खरी आहे का चुकीची, ते त्याला कळायचं. त्याने उजव्या हाताचं नख अनामिकेवरून आडवं ओढलं. निळ्या रेघेशी येताच नख नाहीसं झालं. त्याने पुन्हा ओढलं.

डॉक्टरने खिडकीतून पाठीच्या कण्याचा नमुना उचलून टेबलावर ठेवला. मणक्यांची माळ, आतून पिवळी दोरी, आणि दोन-दोन मणक्यांच्या फटीतून डावी-उजवीकडे निघालेले धागे.

"ही दोरी मेंदूतून उतरते," तो म्हणाला. "प्रत्येक फटीतून एकेक जोडी बाहेर पडते. मानेच्या तळाशी निघालेले हे धागे बगलेत एकमेकांत गुंततात, आणि त्यातून हाताच्या नसा होतात. प्रत्येकीचा मुलूख ठरलेला. करंगळी आणि अर्धी अनामिका एकीची, उरलेली अर्धी दुसरीची. भावाभावांत शेताची वाटणी होते तशी. मला आधी मानेची शंका आली. पण दोष मानेत असता तर बधिरपणा मनगट ओलांडून वर चढला असता. तुमचा मनगटाशी थांबलाय. म्हणजे नस खाली कुठेतरी चिरडलीय."

"आणि विष?"

"विष रक्तातून जातं. रक्त दोन्ही हातांना, दोन्ही पायांना सारखं मिळतं. बहुतेक विषांत आधी पायांची बोटं जातात, दोन्हीकडची बरोबरीने. तुमचे पाय कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"दिसतंच आहे. जिने चढून आलात."

"मग जादू असेल."

"जादूगार वैद्यकीय कॉलेजात शिकला असेल, तर माझं काही म्हणणं नाही." डॉक्टरने हिझामचं डावं कोपर हातात घेतलं. आतल्या बाजूच्या हाडामागे कातडी घट्टे पडून काळी, जाड झाली होती. त्याने तिथे बोटाने टक् केलं. हिझामच्या करंगळीत वीज सळसळत गेली, त्या मेलेल्या करंगळीत.

"इथे या नसेवर ना मांस, ना चरबी. कातडी आणि खाली हाड. काम करताना हे कोपर कुठे असतं?"

"ओट्यावर. लादी धरायला टेकावं लागतं."

"आणि दुपारी?"

हिझामने कोपर ओढून घेतलं.

"दुपारी लोडावर," डॉक्टरच म्हणाला. "रोज?"

"पूर्वी आठवड्यातून दोनदा. लग्नानंतर रोज. मेव्हणा पाला पाठवायचा."

"मग देऊ कागद? लिहितो, या माणसावर त्याच्या लोडाने विषप्रयोग केला." डॉक्टर हसला, आणि हसता हसता त्याचं लक्ष आपल्याच टेबलावरच्या कोपराकडे गेलं. ते त्याने हळूच उचललं आणि मांडीवर घेतलं.

बरं होईल का, हे हिझामने विचारलं. डॉक्टर म्हणाला, कोपर टेकणं आजपासून बंद, रात्री हात सरळ बांधून झोपायचं. तरी फरक पडला नाही तर शस्त्रक्रिया. चिरडलेली नस पुन्हा वाढते, पण नख वाढतं त्या चालीने, कोपरापासून थेट बोटाच्या टोकापर्यंत. वर्ष लागेल, जास्तही लागेल. येईलच, असं लिहून देता येणार नाही.

रस्त्यात आल्यावर हिझामला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला राग आला. विष असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते मनात आलं याची त्याला इतकी लाज वाटली की तो मशिदीच्या पायरीवर बसून राहिला. विष असतं तर तो बिचारा ठरला असता. आता तो कोण होता? ज्या बाईने त्याच्यासाठी सताप बांधली, तिला त्याने कुराणावर हात ठेवायला लावला, आणि तरीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एका तायझच्या डॉक्टरच्या पेनवर मात्र लगेच ठेवला.

नूरियाने सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर तिच्या माहेरचा असेल."

"तायझचा आहे."

"मग तायझला तिची मावशी असेल कुणी."

"ताई," हिझाम म्हणाला, "कोठीची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. कायमची. पण आता पुरे."

नूरियाने तोंड फिरवलं आणि ती ओढणीने डोळे पुसायला लागली. त्या घराशिवाय तिलाही दुसरं घर नव्हतं, हे हिझामला कळत होतं. पण त्या दिवशी त्याच्याकडे एकाच बाईपुरती लाज शिल्लक होती.

वादी दहरला काइद बांधावरच भेटला. त्याने सलामाला उत्तर दिलं, पण हात पुढे केला नाही. हिझामने कमरेचा जंबिया म्यानातून काढला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून त्याच्यापुढे केला. वळलेल्या डाव्या बोटांवरून तो निसटायला लागला, तेव्हा काइदने झटकन खालून हात लावला. आमच्याकडे जंबिया असा पुढे केला की वेगळं काही बोलायचं नसतं. गुन्हा कबूल, न्याय तुझा, सांगशील ते मान्य.

"मला कशाला देता?" काइद म्हणाला. "माझ्या हातचं कुठे मांजरीला घातलंत तुम्ही? आत नेऊन देतो. ज्याचं त्याच्याकडे."

दिवाणखान्यात हिझाम भिंतीला टेकून ताठ बसला. लोड होता, त्याने तो लांब सारला. बऱ्याच वेळाने गझाल आली, जंबिया तिच्या हातात होता. ती समोर बसली. त्याने डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. रेघ पुसट झाली होती, तरी दाखवली. तिने वाकून पाहिली.

"म्हणजे माझी सुटका या रेघेने केली," ती म्हणाली.

"हो."

"आणि डॉक्टरला रेघ सापडली नसती तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण जंबिया तिच्या मांडीवर होता, आणि तो देऊन झाल्यावर माणूस खोटं बोलत नाही.

"तर तुला सोडलं असतं," हिझाम म्हणाला.

गझालने मान डोलावली. ती रडली नाही. तिला हेच ऐकायचं असावं, किंवा हे सोडून काहीही.

"मग माझा न्याय ऐका," ती म्हणाली. "तुमचं बोट परत आलं की मी येईन. त्याआधी नाही. आणि ते आलं का, हे मी बघणार."

"वर्ष लागेल, गझाल. येईलच असंही नाही."

"माझंही तसंच आहे."

तेव्हापासून हिझाम दर शुक्रवारी वादी दहरला जायचा. कमरेला रिकामं म्यान. सनात रिकाम्या म्यानाने फिरणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते सांगायला नको. बैठक त्याने मोडली. कामाला बसताना कोपराखाली गादी घेतली, रात्री हात फळीला बांधून झोपला. शुक्रवारी गझाल त्याला डोळे मिटायला सांगायची, शिवणाची सुई करंगळीला लावायची आणि विचारायची, "लागतंय?" तो म्हणायचा, "नाही." मग ती चहा आणायची. द्राक्षं लागली, पिकली, संपली. थंडी आली. खळगा आणखी वाढला नाही, पण करंगळी गप्पच होती. चहाच्या वेळी ती आता जरा जास्त वेळ बसायची. एकदा तिने नूरिया जेवते ना नीट, असंही विचारलं. त्या संध्याकाळी परत जाताना हिझामला घर फार लांब वाटलं.

पुढच्या शुक्रवारी त्याने डोळे मिटले. तिच्या कपड्यांचा धुरीचा वास जवळ आला. उठून हिच्याबरोबर घरी जावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"लागतंय?" गझालने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आज लागतंय."

त्याने डोळे उघडले. गझालचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते आणि सुई समोरच्या गादीत खोचलेली होती.

"मी अजून टोचलंच नाही," ती म्हणाली.

हिझामची मान खाली गेली. त्याला वाटलं ती उठून आत जाईल. ती उठली नाही.

"मी कुराणावर हात ठेवून बोलले, ते तुम्हाला पुरलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या नुसत्या 'हो'वर मी कशी येऊ, उस्ता?"

तिने नेहमीसारखा चहा आणला, तो त्याने संपवला, रिकामं म्यान सारखं केलं आणि तो निघाला. तो दाराशी पोचला, तेव्हा ती मागून म्हणाली, "गाडीत बसलात की कोपर खिडकीवर टेकू नका."

तो थांबला.

"आणि पुढच्या शुक्रवारी लवकर या," गझाल म्हणाली. "खरं सांगायला."